‘अकस्मात’ ते ‘कस्मात्’ : बालकांच्या घरगुती अपघातांचा इतिहास आणि भाषा

१

मराठी वृत्तपत्रे नियमाने वाचणाऱ्यास एक वाक्य चांगलेच परिचित असते. दोन-तीन वर्षांचे एखादे मूल पाण्याच्या पिंपात पडून, अंगावर आधण सांडून अथवा गच्चीवरून खाली कोसळून दगावते. आणि त्या बातमीच्या अखेरीस ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे’ असे लिहिलेले असते. हे वाक्य कायद्याच्या व्यवहारातून वृत्तपत्रांत आले आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या कलमान्वये अशी नोंद होते, ते १८९८ च्या संहितेत १७४ वे होते. १९७३ च्या संहितेतही त्याचा क्रमांक तोच राहिला. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ वे झाले आहे. क्रमांक बदलला तरी कलमाचा आशय फारसा बदललेला नाही. पोलीस अधिकाऱ्याने घटनास्थळी जावे, पंचांसमक्ष पाहणी करावी, आणि मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण काय दिसते ते लिहून वर पाठवावे, असा तो आशय आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष एका विसंगतीकडे वेधले जाते. ‘कस्मात्’ हे ‘किम्’ ह्या सर्वनामाचे पंचमीचे एकवचन होय. त्याचा अर्थ ‘कशापासून’, ‘कोणत्या कारणाने’ असा आहे. त्यास नकारार्थी ‘अ’ जोडून ‘अकस्मात्’ हा शब्द सिद्ध होतो. म्हणजे ज्यास ‘कशामुळे’ हा प्रश्नच लागू नाही, ते अकस्मात. अशा रीतीने ज्या चौकशीचे कर्तव्यच कारण शोधणे हे आहे, त्या चौकशीच्या शिरोभागी आपण ‘कारण नाही’ असा अर्थ वाहणारा शब्द ठेवला आहे. रोजच्या व्यवहारात कोणी हा शब्द असा फोडून वाचत नाही, हे खरे. तथापि समाजाने एखाद्या गोष्टीविषयी प्रश्न विचारणे केव्हा थांबविले, ह्याची खूण अशा झिजलेल्या शब्दांत पुष्कळदा राहून जाते.

घराच्या चार भिंतींत बालकांना होणारे अपघात ‘अकस्मात’ ह्या सदरातून बाहेर कसे आले, त्यांच्याविषयीचा प्रश्न कोणी, केव्हा व कोणत्या रूपात विचारला, ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पुढील पुरावा मुख्यतः इंग्लंड व अमेरिका येथील आहे. त्याची कारणे दोन : एक तर तेथील नोंदी सुमारे साडेसातशे वर्षे मागे नेता येतात, दुसरे असे की आपली चौकशीची पद्धत बव्हंशी त्याच वंशातली आहे. परंतु आरंभ आपल्या परंपरेतील एका कथेने करणे सोयीचे होईल.

२

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील शकटभंजनाची कथा महाराष्ट्रात कीर्तन-पुराणांतून घरोघर पोहोचलेली आहे. तिचा भक्तिपर अर्थ क्षणभर बाजूला ठेवून केवळ घटनाक्रम पाहावा. घरात समारंभ आहे. यशोदेने झोपलेल्या बालकास एका गाड्याखाली निजविले आहे. ती पाहुण्यांच्या आदरातिथ्यात गुंतल्यामुळे मुलाचे रडणे तिला ऐकू जात नाही. आणि इतक्यात गाडा उलटतो, त्यावरील भांडी फुटतात. गोप-गोपी धावत येतात आणि गाडा आपोआप कसा उलटला, असे एकमेकांना विचारतात. जवळ खेळणारी मुले सांगतात की ह्याच बाळाने लाथ मारली व गाडा उलटला. वडीलधाऱ्यांचा त्यावर विश्वास बसत नाही. ते पोरांचे बोलणे म्हणून सोडून देतात. ग्रहबाधेची शंका घेऊन ब्राह्मणांकरवी शांतिकर्म केले जाते.

घरगुती अपघाताच्या चौकशीचे बहुतेक घटक ह्या कथेत आले आहेत. आई घरातच आहे, पण कामात आहे. मूल सुरक्षित वाटणाऱ्या जागी आहे, परंतु त्याच्या डोक्यावर जड वस्तू आहे. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार लहान मुले आहेत आणि त्यांची साक्ष ग्राह्य धरली जात नाही. कारणाचा प्रश्न विचारला जातो, पण उत्तर घराबाहेरच्या अदृश्य शक्तीत शोधले जाते. पुढे नवव्या अध्यायातही चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते म्हणून यशोदा मुलाला खाली ठेवून धावते, आणि पुढचा सर्व प्रसंग त्यातून उद्भवतो. स्वयंपाकघरातील ओढाताणीचे इतके अचूक निरीक्षण कथाकाराने केले आहे.

मात्र त्याहून महत्त्वाचा भाग अकराव्या अध्यायात येतो. उपनंद नावाचा वयाने व ज्ञानाने वृद्ध गोप सभेत उठतो आणि घडलेल्या घटना क्रमाने मोजतो : राक्षसी, गाडा, वावटळ, कोसळलेली झाडे. ह्या सर्वांतून मूल वाचले खरे. परंतु ही जागा मुलांना धोक्याची आहे, पुढचे अरिष्ट येण्यापूर्वी येथून हलले पाहिजे, असे तो सांगतो, आणि गोकुळ उठून वृंदावनात जाते. उपनंदाने प्रत्येक घटनेचे कारण शोधलेले नाही. परंतु सुट्या घटना त्याने एकापुढे एक मांडल्या, आणि शांतिकर्माऐवजी जागा बदलण्याचा निर्णय सुचविला. पुढील विवेचनात दिसून येईल की ह्या प्रश्नाच्या इतिहासात जी जी प्रगती झाली, ती ह्याच कृतीने झाली आहे.

३

इंग्लंडात इ. स. ११९४ मध्ये कोरोनर ह्या अधिकाऱ्याची रीतसर योजना झाली. हे नाव राजमुकुटवाचक लॅटिन शब्दावरून आले असून राजाच्या हक्काचे दावे राखणारा, असा त्याचा मूळ अर्थ आहे. हाच अधिकारी पुढे मुंबईतही आला. १८७१ च्या कायद्याने मुंबई व कलकत्ता येथील त्याच्या कामास रूप मिळाले, आणि मुंबईतील हे पद १९९९ मध्ये रद्द झाले. एखादा मनुष्य अनैसर्गिक रीतीने मरण पावला की मध्ययुगीन कोरोनरने गावकऱ्यांना जमवून चौकशी करावयाची व तिचा वृत्तांत चर्मपत्राच्या गुंडाळीवर लॅटिनमध्ये लिहावयाचा, अशी रीत होती. बेडफर्डशायर परगण्यातील अशा गुंडाळ्या इ. स. १२६५ पासूनच्या उपलब्ध आहेत. हनिसेट ह्यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतर १९६१ मध्ये प्रसिद्ध केले.

ह्या नोंदींचा उपयोग शेतकरी कुटुंबांचा इतिहास लिहिण्यासाठी करण्याचे श्रेय मुख्यत्वे बार्बरा हॅनावॉल्ट ह्या विदुषींकडे जाते. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलेल्या मुलांच्या नोंदी एकत्र ठेवल्यावर जिवंत मुलांचा दिनक्रम त्यांतून दिसू लागतो, ही त्यांची दृष्टी होती. पाळण्यातील मुले आगीने मरतात. कारण पाळणा उबेसाठी चुलीजवळ ठेवलेला असतो, जमिनीवर पेंढा पसरलेला असतो, आणि घरात फिरणारी कोंबडी जळती काडी पाळण्यापर्यंत नेऊ शकते. मोकाट डुकराने तान्ह्या मुलास चावल्याच्या नोंदी आहेत. मूल चालू लागले की विहीर, खंदक, डबके आणि उकळत्या पाण्याचे भांडे ही मृत्यूची ठिकाणे होतात. दोन-तीन वर्षांच्या वयापासूनच मुली घरात भांड्यांपाशी आणि मुलगे घराबाहेर अपघातात सापडू लागतात. म्हणजे मुली आईच्या कामाचे आणि मुलगे बापाच्या कामाचे अनुकरण करू लागल्याचे ते चिन्ह आहे. आईबाप कामात असताना, त्यांच्या कामाच्याच साधनांनी, मुले मरत होती.

परंतु स्वतः कोरोनरने हा निष्कर्ष काढला नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक नोंद स्वतंत्र होती आणि निर्णयाचा शब्द ठरलेला होता : ‘पेर इन्फोर्तुनिउम’, दुर्दैवाने. लॅटिन शब्दाचा रोख आणि आपल्या ‘अकस्मात’चा रोख येथे एकमेकांस भेटतात. इंग्रजीतील ‘ॲक्सिडेंट’ हा शब्दही ‘वर येऊन पडणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे. तिन्ही शब्दांत घटना वरून येते. खाली उभ्या असलेल्या माणसाला फक्त ती सोसावयाची असते.

अपघाताचे उत्तरदायित्व मात्र त्या कायद्याने एका विलक्षण जागी ठेवले होते. ज्या वस्तूमुळे मृत्यू आला, ती वस्तू – गाडा, घोडा, कढई – दोषी मानून तिची किंमत ठरवावयाची आणि ती राजास द्यावयाची. ह्या दंडास ‘डिओडँड’ म्हणत. ‘देवास द्यावयाचे’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दांपासून हे नाव झाले. त्या रकमेचा विनियोग पुण्यकार्यासाठी व्हावा अशी मूळ कल्पना होती. ब्लॅकस्टोन ह्या विधिपंडिताने १७६५ मध्ये ह्या प्रथेतील एक अपवाद नोंदविला आहे. अजाण बालक उभ्या गाडीवरून किंवा घोड्यावरून पडून मेले, तर डिओडँड लागत नसे. ह्याचे एक स्पष्टीकरण असे की, अजाण बालकाच्या हातून पाप घडलेले नसते, तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी प्रायश्चित्ताची गरज नाही. अर्थात मोठ्या माणसाच्या मृत्यूने गाडीला किंमत चुकवावी लागे. बालकाच्या निष्पापपणामुळे गाडी सुटत असे. ज्याचा दोष सर्वांत कमी, त्याच्या मृत्यूची विचारपूस येथे सर्वांत कमी झाली.

डिओडँडची प्रथा रेल्वेच्या काळात गैरसोयीची झाली व १८४६ मध्ये ती कायद्याने बंद पडली. त्याबरोबर एक गोष्ट मात्र नकळत हरवली. वस्तूकडे बोट दाखविण्याची ती रीत भाबडी होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि वस्तूकडे पाहावे लागत होते, एवढे तिचे महत्त्व होते. पुढील शंभर वर्षे कायद्याची नजर वस्तूवरून उठली आणि दुसरीकडे गेली.

४

ती कोठे गेली हे पाहण्यापूर्वी मोजणीच्या इतिहासाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. लंडनमध्ये आठवड्याच्या आठवड्यास मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. जॉन ग्राँट ह्या व्यापाऱ्याने अनेक वर्षांच्या याद्या एकत्र करून १६६२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या कोष्टकांत भाजून व पोळून मेलेले, बुडालेले, नाना अपघातांनी मेलेले, तसेच झोपेत अंगाखाली चेंगरलेली व दाईकडे उपासमार झालेली मुले, अशी सदरे आढळतात. १८३७ मध्ये इंग्लंड व वेल्स येथे जन्ममृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली आणि ह्या मोजणीस सरकारी पाया मिळाला.

मोजणी झाली, आता कारणाचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेगडीने भाजलेल्या मुलांची संख्या डोळ्यांआड करता येईना. तेव्हा प्रश्न विचारला गेला. परंतु तो ‘कशामुळे’ असा नव्हता, ‘कोणामुळे’ असा होता. १९०८ च्या बालकविषयक कायद्याचे १५ वे कलम ह्याचे स्पष्ट उदाहरण आहे. सात वर्षांखालील मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा सोळा वर्षांवरील व्यक्तीने, पुरेसा आडोसा नसलेली उघडी शेगडी असलेल्या खोलीत, योग्य ती काळजी न घेता त्यास राहू दिले, आणि त्यामुळे मूल मेले अथवा गंभीर जखमी झाले, तर त्या व्यक्तीस दहा पौंडांपर्यंत दंड, असे ते कलम आहे. दारूच्या नशेत निजलेल्या प्रौढ माणसाच्या अंथरुणात तान्हे मूल गुदमरले तर शिक्षेची तरतूद त्याच कायद्यात शेजारीच आहे.

ह्या कायद्याचा हेतू कनवाळू होता ह्यात संशय नाही. मुलांचा जीव ही सार्वजनिक चिंतेची बाब आहे, असे त्याने मान्य केले. परंतु त्याच्या वाक्यरचनेकडे पाहावे. वाक्याचा कर्ता सांभाळणारी व्यक्ती आहे. क्रिया ‘राहू देणे’ ही आहे. शेगडी केवळ अधिकरण आहे. एका खोलीच्या कामगारकुटुंबात तीच शेगडी स्वयंपाकाची, कपडे वाळविण्याची आणि उबेचीही होती. मुलास दुसऱ्या खोलीत ठेवावे तर दुसरी खोली नव्हती. शिवाय मूल मेल्यावर किंवा भाजल्यावरच कलम लागू होणार. शोकात बुडालेल्या मातेस न्यायालयात उभे करणे कोणासही सुखाचे नव्हते, आणि शेगडी विकणारा ह्या वाक्यात कोठेच नव्हता.

५

हे वाक्य बदलण्याचे काम एका जंतुशास्त्रज्ञाने केले. लेनर्ड कोलब्रुक ह्यांचे नाव प्रसूतिज्वरावरील सल्फा औषधांच्या १९३० नंतरच्या संशोधनामुळे आधीच ख्यातनाम झाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्मिंगहॅम येथील अपघात-रुग्णालयाच्या भाजलेल्या रोग्यांच्या विभागात ते काम करू लागले. जखमांतील जंतूंचा अभ्यास करताना त्यांना दिसून आले की, ह्या रोग्यांपैकी पुष्कळांना रुग्णालयात येण्याची वेळच यावयास नको होती. १९४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी व्हेरा कोलब्रुक ह्यांनी भाजल्या-पोळल्याच्या एक हजार रोग्यांचा आढावा ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याचा विषय उपचार नव्हता, प्रतिबंध हा होता. कपडे कोणते होते, आगीला जाळी होती काय, भांडे कोठे ठेवले होते, हे प्रश्न त्यांनी वैद्यकाच्या कक्षेत आणले.

ह्या प्रयत्नांचे फळ म्हणून १९५२ मध्ये तापक साधनांच्या जाळीविषयीचा कायदा संमत झाला. त्यान्वये वायूवर, विजेवर किंवा तेलावर चालणारी घरगुती शेगडी विकताना तिला संरक्षक जाळी असणे बंधनकारक झाले. आता वाक्याचा कर्ता बदलला : १९०८ मध्ये आई होती, १९५२ मध्ये विक्रेता आला. त्याचप्रमाणे मुलींच्या झुळझुळीत रात्र-पोशाखांना चटकन आग लागते, ह्याकडे लक्ष वेधल्यावर १९६४ मध्ये त्यांच्या कापडाविषयी नियम झाले. शंभर वर्षांपूर्वी सुटलेली वस्तू पुन्हा चौकशीत आली. फरक एवढाच की आता तिची किंमत करावयाची नव्हती, रचना बदलावयाची होती.

अमेरिकेत हाच क्रम शीतकपाटांच्या बाबतीत दिसतो. जुन्या शीतकपाटांना बाहेरून खिटी असे. टाकून दिलेल्या कपाटात खेळता खेळता शिरलेले मूल आतून दार उघडू शकत नसे व गुदमरून मरे. १९५६ मध्ये तेथे कायदा झाला की, शीतकपाटाचे दार आतून उघडता आले पाहिजे. परंतु ते किती सोपे असावे? भेदरलेले मूल आत काय करते? ह्याचे उत्तर तर्काने मिळण्यासारखे नव्हते. म्हणून कपाटासारखी एक पेटी तयार करून दोन ते पाच वर्षे वयाच्या २०१ मुलांचे निरीक्षण करण्यात आले व त्याचा वृत्तांत १९५८ मध्ये एका बालवैद्यकविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शेकडा २४ मुलांनी काहीच केले नाही किंवा जेमतेम प्रयत्न केला. शेकडा ३९ मुलांनी हेतुपूर्वक सुटण्याचा प्रयत्न केला. शेकडा ३७ मुलांनी जोराची धडपड केली. भागवतातील गोपांनी ज्यांचे बोलणे सोडून दिले होते, त्या लहान मुलांची साक्ष येथे प्रथमच शास्त्राने मागितली, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यानंतरची दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. कॅनडातील विंडसर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रोल्ट ह्यांनी औषधे गिळून विषबाधा झालेली मुले वर्षानुवर्षे पाहिली आणि १९६७ मध्ये दाबून फिरविल्याशिवाय न उघडणारे बाटलीचे झाकण प्रचारात आणले. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने अशा वेष्टनास आधार मिळाला. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींच्या खिडक्यांतून पडणाऱ्या मुलांसाठी १९७२ मध्ये एक मोहीम सुरू झाली; ‘मुलांना उडता येत नाही’ असे तिचे नाव होते. पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद, घरी भेट आणि खिडकीस मोफत गज, असा तिचा कार्यक्रम होता. ब्रॉंक्स भागात अशा पडण्याचे प्रमाण निम्म्याने उतरले, असे १९७७ च्या वृत्तांतात नमूद आहे. १९७६ मध्ये शहराच्या आरोग्यमंडळाने दहा वर्षे वा त्याखालील मूल राहते त्या घराच्या खिडक्यांना गज बसविण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली. भाडेकरू मातेवर नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

६

कृती पुढे गेली की सिद्धान्तही मागोमाग येतो. १९४९ मध्ये जॉन गॉर्डन ह्यांनी मांडले की साथीच्या रोगांप्रमाणेच अपघातांचाही व्यक्ती, कारक आणि परिसर ह्या तीन अंगांनी अभ्यास करता येतो. १९६१ मध्ये जेम्स गिब्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने दाखविले की सर्व इजांचे निकट कारण ऊर्जा हे आहे : उष्णता, आघात, वीज, रासायनिक क्रिया. विल्यम हॅडन ह्यांनी १९६८ मध्ये हा विचार पूर्ण केला. घटनेच्या वर्णनावर उभे असलेले वर्गीकरण सोडून कारणावर उभे असलेले वर्गीकरण स्वीकारले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ऊर्जा शरीरापर्यंत पोहोचते कशी, आणि मध्ये अडसर कोठे घालता येईल, हा त्यांचा प्रश्न आहे. मूल सावध नसेल, आई क्षणभर वळली असेल, हे त्यांनी गृहीत धरले. कारण मूल सावध नसतेच आणि आईस वळावे लागतेच.

अखेर हा वाद शब्दावर आला. जून २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने जाहीर केले की यापुढे ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द आपल्या पानांत वापरावयाचा नाही. बहुतेक इजांचे भाकीत करता येते व त्या टाळता येतात, आणि तो शब्द नेमके हेच झाकतो. शब्दावर बंदी घालून वस्तुस्थिती बदलत नाही, असे भाषेच्या अभ्यासकास म्हणावेसे वाटेल. ते खरेच आहे. तथापि ह्या निर्णयामागे सुमारे अर्ध्या शतकाचे काम होते, हे विसरता येत नाही. येथे अगोदर कारण सापडले, आणि मगच ‘कारण नाही’ म्हणणारा शब्द अडचणीचा झाला.

७

आता मराठीकडे वळू. आपल्या घरगुती बोलीत ‘अकस्मात’ क्वचितच येतो. तेथील क्रियापदे फार नेमकी आहेत. तव्याचा चटका बसतो, वाफेने किंवा आधणाने पोळते, निखाऱ्याने भाजते, ज्वाळेने होरपळते. मूल घसरते, अडखळते, ठेचकाळते, त्याचा तोल जातो, ते आपटते. घास अडकतो, ठसका लागतो, जीव गुदमरतो. ह्यांतील प्रत्येक शब्दात ऊर्जेचा प्रकार अथवा पडण्याची रीत साठविलेली आहे; हॅडन ह्यांना हवे असलेले कारणनिष्ठ वर्गीकरण आमच्या आया-आज्यांच्या तोंडी होतेच. कागदावर जाताना मात्र ह्या सर्वांवरून एकच शब्द फिरतो आणि ते ज्ञान पुसले जाते.

मराठीत आणखी एक रचना आहे. ‘मी भांडे पाडले’ आणि ‘माझ्या हातून भांडे पडले’ ह्या दोन वाक्यांतील भेद मराठी भाषकास शिकवावा लागत नाही. पहिल्यात कर्तृत्व आहे. दुसऱ्यात हात केवळ द्वार आहे, हेतू नाही. न्यायालयाच्या १९०८ च्या भाषेस हा भेद साधता आला नव्हता. परंतु ह्या रचनेचा एक धोकाही आहे. ‘हातून’ म्हटले की वाक्यात कोणाचा तरी हात यावा लागतो, आणि स्वयंपाकघरात तो हात बहुधा एकाच व्यक्तीचा असतो. एकीकडे ‘अकस्मात’, दुसरीकडे ‘आईच्या हातून’. आमच्या समाजात बालकाच्या अपघाताची चर्चा ह्या दोहोंमध्येच हिंदकळत राहते. गावोगावी विहिरीत बुडालेल्या मुलाविषयी ‘आसरांनी नेले’ असे म्हणत. त्या समजुतीने निदान आईस दोषातून मोकळे केले होते. विहिरीस कठडा मात्र दिला नाही.

तिसरा मार्ग आहे, आणि तो व्याकरणानेच सुचविला आहे. ‘केन’ ही तृतीया. तिने विचारलेला प्रश्न ‘कोणाकडून’ असा असतो व कर्त्याकडे जातो. ‘कस्मात्’ ही पंचमी. तिचा प्रश्न ‘कशापासून’ असा असतो व उगमाकडे जातो. पाणिनीच्या व्याकरणात भय ज्यापासून आणि रक्षण ज्यापासून, त्यास अपादान ही संज्ञा आहे. ज्यापासून कोणास परावृत्त करावयाचे, त्याचीही योजना तेथेच आहे. संरक्षणाची भाषा मूलतः पंचमीची भाषा आहे. वर पाहिलेला इतिहास ह्या परिभाषेत मांडावयाचा तर प्रथम ‘अकस्मात्’ होते. मग ‘केन’ आले आणि आई न्यायालयात उभी राहिली. आणि ‘कस्मात्’ विचारले गेले तेव्हाच जाळी, झाकण, खिडकीचे गज आणि आतून उघडणारे दार निर्माण झाले.

हा केवळ व्युत्पत्तीचा विलास नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या २००८ च्या संयुक्त अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ८,३०,००० मुले अहेतुक इजांनी, म्हणजे रस्त्यावरील व घरातील अपघातांनी, मृत्यू पावत होती. त्यांपैकी शेकडा ९५ हून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. आपल्याकडे चूल जमिनीवर असते तेथे रांगते मूल व आधण एका पातळीवर असतात. स्वयंपाक ओट्यावर गेला की भांड्याचा दांडा व लोंबती वायर हाताशी येते. नळाला पाणी ठरावीक वेळी येते म्हणून घरात भरलेली पिंपे व बादल्या असतात. मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असल्यामुळे ते बादलीत डोकावले तर डोक्याकडून आत जाते व त्यास उलट उठता येत नाही. रॉकेल सरबताच्या बाटलीत ठेवले की तहानलेले मूल ते तोंडाला लावते. ह्यांपैकी एकाही गोष्टीत दैवाचा भाग शोधावा लागत नाही, आणि एकीतही केवळ आईचे दुर्लक्ष हे पुरेसे उत्तर नाही. पिंपास झाकण, शेगडीस उंची, बाटलीस वेगळे रूप, गच्चीस पुरता कठडा ही उत्तरे आहेत, आणि ती देणारी माणसे घराबाहेरही आहेत.

पोलिसांच्या नोंदवहीतील शब्द उद्या बदलावा, असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. परंतु त्या शब्दाखाली जो पंचनामा लिहिला जातो, त्यात भांडे कोठे होते, कठडा किती उंच होता, झाकण होते की नव्हते, ह्या चार ओळी नियमाने लिहिल्या गेल्या आणि एका जिल्ह्याचे वर्षभराचे पंचनामे कोणी एकत्र ठेवून वाचले, तर उपनंदाने गोकुळच्या सभेत जे केले तेच येथेही घडेल. एका पंचनाम्यात जे अकस्मात वाटते, ते शंभरांत तसे राहणार नाही.